खोटं मशीन

"हे चालणार नाही," बोगद्याच्या आतून आवाज आला.

मिस्त्री फडक्याने कडा पुसत होते, ते थांबले. बोगदा त्यांनीच बनवलेला होता. प्लायवुड वाकवून, आतून घासून, बाहेरून पांढराशुभ्र रंग देऊन त्यांनी एमआरआयच्या मशीनची अशी हुबेहूब नक्कल उभी केली होती की खोलीत येणारा प्रत्येक जण आधी घड्याळ आणि किल्ल्या काढून बाहेर ठेवायचा. आत नुसतं लाकूड आहे हे कळलं की मग हसायचा. गेले आठ दिवस मिस्त्री त्या हसण्यावर जगत होते. आणि आता ही कालची पोर आत उताणी पडून, मोजे घातलेले पाय तेवढे बाहेर ठेवून, चालणार नाही म्हणत होती.

"काय चालणार नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"हे फार चांगलं झालंय. म्हणून चालणार नाही."

आयुष्यभर मिस्त्रींनी गिऱ्हाइकांची नाना तऱ्हेची बोलणी ऐकली होती. खण घट्ट बसतो, दार कुरकुरतं, रंग सांगितला त्यापेक्षा गडद झाला. काम चांगलं झालंय म्हणून परत न्या, असं सांगणारं गिऱ्हाईक मात्र त्यांच्या जन्मात आलं नव्हतं. त्यांनी मुख्य डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या काही तरी बोलून ह्या पोरीला गप्प करतील अशी त्यांची अपेक्षा होती. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि लक्ष देऊन ऐकत होत्या.

ही खोली होती त्या केंद्रात ऑटिझमवर संशोधन चालायचं. मेंदूचे फोटो काढायला मुलांना खऱ्या मशीनमध्ये न हलता पडून राहावं लागे, डोक्यावर पिंजरा आणि कानात धडधडाट. मोठी माणसंसुद्धा त्यात कासावीस होतात. त्यामुळे इतकी वर्षं जगभर बहुतेक ठिकाणी बोलणाऱ्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांचेच फोटो निघाले आणि न बोलणारी मुलं अभ्यासातून गळाली. पहिल्या बाकावरच्या चार पोरांना पाहून सगळ्या शाळेचा निकाल लावावा तसं झालं, असं डॉक्टरीणबाईंनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. आता त्यांना ती राहिलेली मुलं हवी होती, आणि तीही औषधाने न झोपवता. म्हणून आधी खोट्या मशीनमध्ये सराव. मिस्त्रींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी जीव ओतला. फळीवर मऊ फोम घातला, कडा गोल केल्या, आत पिवळा दिवा बसवला, बोगदा दोन बोटं जास्तच रुंद ठेवला.

मुलं त्यात आनंदाने झोपली. मग त्यांना खऱ्या मशीनकडे नेलं, तर एकही आत टिकलं नाही. एक मुलगी आत गेली, मशीनच्या काठावरून हात फिरवून गुळगुळीत कड शोधत राहिली, ती सापडली नाही तेव्हा जी ओरडली ती घरी जाईपर्यंत.

पोर बोगद्यातून सरपटत बाहेर आली. ती तिथे संशोधक होती. तिच्या खिशात कायम एक स्टीलची फूटपट्टी असायची आणि बोलणंही तसंच, कुठे वाक नाही. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात तिचं नाव फूटपट्टी ठेवून टाकलं होतं.

"तुमचं मशीन मुलांशी खोटं बोलतं," ती म्हणाली. "खऱ्यात फळी कडक आहे, कड हाताला लागते, वारा येतो, छत नाकाला टेकेल असं वाटतं. ते सगळं इथे पाहिजे."

"लहान लेकरं आहेत हो. त्यांना त्रास व्हावा असं बनवायचं?"

"मी ऑटिस्टिक आहे," बुटाची नाडी बांधता बांधता तिने सांगितलं, जशी एखादी बाई आपल्या चपलेचं माप सांगते. "चार वर्षांची असताना मला खऱ्यात घातलं होतं. आत मऊ मऊ गादी आहे म्हणाले होते. नव्हती."

एवढं बोलून ती फूटपट्टी घेऊन बोगद्याचं तोंड मोजायला लागली. मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, तरी संध्याकाळी मशीनचे सुटे भाग टेम्पोत घालून ते घरी आले.

बायकोला ही हकीकत सांगितली तेव्हा ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. "अहो, इतकी वर्षं मी म्हणत होते, थोडं कमी घासा, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. शेवटी भेटलं कुणी तरी." मग तिने विचारलं, "पण वन्संना कोण सांगणार?"

तिथेच घोडं पेंड खात होतं. कारण मशीनचा गुळगुळीतपणा ही मिस्त्रींची करणी नव्हतीच. ती अक्काची होती.

अक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. तिच्या लहानपणी तिला काय झालंय ह्याला नाव नव्हतं. म्हणजे नावं पुष्कळ होती, मुकी, येडी, घुमी, पण त्यातलं एकही डॉक्टरने दिलेलं नव्हतं. शाळेने तिला आठवडाभरात परत पाठवलं. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही असं शेजारपाजारचे म्हणायचे, आणि तिच्या आईवडिलांना ते पटलेलं होतं. मग वडिलांनी एक दिवस तिला कारखान्यात आपल्याजवळ बसवून हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला. ती जी घासायला लागली ती आजतागायत घासत होती. लाकूड झालं की नाही ते ती गाल लावून ठरवायची. गालाला पसंत पडेपर्यंत ते कुणाला मिळत नसे, मग गिऱ्हाईक दारात उभं असो की बाहेर भूकंप होवो. वडील गेले, आई गेली, मिस्त्रींचं लग्न झालं, मुलं होऊन दूर गेली, आणि घरामागच्या त्या लांबट खोलीत भाऊ रंधा मारत आणि बहीण घासत म्हातारी झाली.

मिस्त्रींच्या तोंडाला खळ नसे. रंधा आणि जीभ दोन्ही एकदमच चालायची. गिऱ्हाइकांच्या चहाड्या, मुलाचा फोन, गुडघ्याचं दुखणं, स्वतःच्या मरणाची भीतीसुद्धा, जे बायकोला सांगायला लाज वाटे ते सगळं ते अक्काला सांगायचे. अक्का उत्तर देत नसे. पूर्वी अधूनमधून एखादा शब्द यायचा, 'दे', 'नको', 'बास'. एखाद्या गोष्टीवर ती नाकातल्या नाकात हसायचीही. अलीकडे तेही थांबलं होतं. वय झालं, असं मिस्त्री म्हणायचे. आतल्या आत मात्र त्यांना वाटायचं की अक्का आपल्याला कंटाळली. ते त्यांना फार लागलं होतं, आणि लागलंय हे सांगायला समोर अक्काच होती.

खोटं मशीन बिघडवण्याचं काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी फसलं. मिस्त्रींनी फोम काढून कडक फळी ठोकली, तोंडाला खडबडीत पट्टी बसवली आणि जेवायला गेले. येऊन बघतात तर अक्काने पट्टी घासून लोण्यासारखी केलेली. दुसरी बसवली, तिचीही तीच गत. बोगद्याचं छत तर अक्काने आधी स्वतः आत उताणी झोपूनच घासलेलं होतं. तो तिचा आवडता कोपरा होऊन बसला होता. काम नसलं तरी ती त्यात शिरून पडायची. शेवटी मिस्त्रींनी केंद्रात निरोप धाडला की काम रेंगाळतंय, कारण घरात माणूस ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी फूटपट्टी हजर.

तिने दारात चपला काढल्या, खोलीभर एकदा पाहिलं आणि नमस्कार, कशा आहात, जेवलात का, ह्यातलं काहीही न करता सरळ जाऊन अक्काजवळ भुशात बसली. अगदी जवळ नाही, हातभर सोडून. लाकडाचा एक तुकडा उचलला, पॉलिशपेपर उचलला आणि घासायला लागली. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मिस्त्री ओळख करून द्यायला तोंड उघडणार, तो बायकोने त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

बऱ्याच वेळाने अक्काने हात पुढे केला. फूटपट्टीने तिला तुकडा दिला. अक्काने तो गालाला लावला आणि परत केला. झालेला नव्हता. फूटपट्टी पुन्हा घासायला लागली. ह्या सगळ्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, आणि तरी दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत अक्काने घरात आलेल्या माणसापुढे असा हात केलेला त्यांना आठवत नव्हता.

त्यांनी ते बोलूनही दाखवलं, थोडं चेष्टेवारी नेऊन. फूटपट्टी म्हणाली, त्यात नवल नाही. पूर्वी सगळे म्हणायचे की ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही. आता अभ्यास झाले त्यात दिसलं की आमचं आमच्यात बरंच नीट जमतं. अडतं ते दोन तऱ्हेच्या माणसांच्या मध्ये, आणि ते दोन्हीकडून अडतं. तुम्हालाही आमचं कळत नसतंच, फक्त तुमची संख्या जास्त आहे. केंद्राच्या पाटीवरचा स्वमग्न हा शब्दही तिला आवडत नसे. स्वतःत मग्न असते तर बरं झालं असतं, ती म्हणाली, मला तर पलीकडच्या खोलीतला दिवा गुणगुणतो तोही ऐकू येतो.

तेवढ्यात अक्काने हातातलं काम खाली ठेवलं आणि तळहाताच्या टाचेने स्वतःच्या कानामागे दणके द्यायला सुरुवात केली. जोरात, एका लयीत. फूटपट्टीचा हात थांबला.

"कधीपासून दुखतंय यांचं?"

"दुखत नाही," मिस्त्री म्हणाले. "सवय आहे तिची."

"लहानपणापासून?"

"नाही. दोनेक वर्षं असेल."

"मग सवय कशी?"

बायको चहाचा कप घेऊन आत आली आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलून गेली. वन्संना काही तरी होतंय हे ती कधीची सांगत होती. भिंतीला धरून चालतात, मागच्या महिन्यात मोरीत पडल्या, डाव्या बाजूने चावत नाहीत. डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने डुलणारी, कुणाकडे न बघणारी बाई पाहिली, ह्या लोकांचं असंच असतं म्हणाला आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी अक्का दिवसभर पेंगायची आणि पेंगतानाही हात कानामागे जायचाच.

फूटपट्टी म्हणाली, "आमच्यासारख्यांना दुखणं कमी कळतं असं पुस्तकांत असायचं. आता मोजून पाहिलंय. कमी नाही कळत. काहींना उलट जास्तच कळतं. आमचा चेहरा तुम्हाला वाचता येत नाही, एवढंच."

मिस्त्रींना संताप आला. आपल्या घरात, आपल्या भुशात बसून, घटकेपूर्वी आलेली पोर आपल्याला आपली बहीण शिकवते. ते काही तरी वाकडं बोलणार होते. पण अक्का दणके देत होती, आणि पहिल्यांदाच त्यांना ते बघवेना.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला केंद्रात बोलावून नीट तपासलं. कानाची तपासणीही करून पाहिली, आवाज आला की हात वर करा अशी. अक्काने एकाही कानाला हात वर केला नाही, त्यामुळे त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मग त्यांनी लहानपणाचं विचारलं. मिस्त्रींनी सांगितलं की अक्का पाच वर्षांची असताना एका मोठ्या डॉक्टरने आईला सुनावलं होतं, तुमची माया कमी पडते म्हणून पोर अशी झाली. तेव्हापासून आई अक्काला धरून धरून मांडीवर घ्यायची आणि अक्का किंचाळून सुटायची. आई ते मनात घेऊनच गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तो समज तेव्हा पुष्कळांचा होता आणि साफ चुकीचा होता. हे बहुतेक जन्माच्या आधीच ठरलेलं असतं. एक कारण नाही, शेकडो जनुकांचे लहान लहान धागे त्यात असतात, आणि अजून सगळे सापडलेलेही नाहीत. आईच्या मायेचा त्यात काडीचा संबंध नाही. मिस्त्री ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, हे शेवटचं तेवढं परत सांगाल का? डॉक्टरीणबाईंनी परत सांगितलं.

एमआरआय केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जन्मभर भुसा आत घेऊन अक्काची छाती कमजोर झाली होती, त्यामुळे नुसत्या फोटोसाठी भूल द्यायला कुणी तयार होईना. जागेपणी, न हलता, तेवढा वेळ पडून राहायचं. नाहीतर दुखतंय कशाने हे कळणारच नव्हतं आणि दणके चालूच राहणार होते. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. त्यांनी आता कुणाचं काही न ऐकता मशीन मनापासून बिघडवलं. अक्काने घासायला घेतलेली पट्टी त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच. अक्का खोलीच्या कोपऱ्यात जाऊन डुलत राहिली, आणि ते पाठ फिरवून खिळे ठोकत राहिले. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

सराव कारखान्यातच सुरू झाला. फूटपट्टीने खऱ्या मशीनचा धडधडाट मोबाइलमध्ये आणला होता. पहिल्या दिवशी अगदी हळू, मग रोज थोडा थोडा चढवत. कडक फळी अक्काला दोन दिवस आवडली नाही, तिसऱ्या दिवशी तिने ती गाल लावून बघितली आणि मुकाट्याने आडवी झाली. आवाजाने ती दचकली नाही. डोक्यावरचा पिंजराही सोसला. पण मिनिटभर झालं की मान हलायचीच. मिस्त्री बोगद्याच्या बाजूला उकिडवे बसून धीर द्यायचे. अक्का, मी इथेच आहे गं. अक्का, झालंच आता. अक्का, हलू नकोस.

"तुम्ही बोललात की त्या हलतात," फूटपट्टी म्हणाली.

"मी धीर देतोय तिला."

"तो तुम्हाला हवाय. त्यांना नको असणार. तुम्ही बाहेर थांबून बघा."

मिस्त्री बाहेर जाऊन अंगणात उभे राहिले. आतून धडधडाट ऐकू येत होता, आणि तो थांबल्यावर फूटपट्टीचा नेहमीचा सपाट आवाज आला की जमलं, मान एकदाही हलली नाही. बायकोने आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री हसले. मग पाण्याची बादली भरण्याच्या निमित्ताने नळाकडे गेले आणि तिथे बराच वेळ थांबले. आपल्या आवाजाने अक्काला त्रास होतो. म्हणजे ही सगळी वर्षं त्रासच होत होता. न बोलणाऱ्या माणसासमोर आपण आपली टकळी चालू ठेवली, आणि बिचारीला उठून जाता येत नव्हतं. त्या रात्रीपासून ते कारखान्यात बोलेनासे झाले. बायकोला आधी गंमत वाटली, मग काळजी वाटायला लागली.

खऱ्या मशीनच्या दिवशी ते काचेपलीकडे, तोंड मिटून बसले होते. अक्का आत गेली. तिने काठावरून हात फिरवला. कड खडबडीत होती, हवी तशी. ती आडवी झाली. खिशातलं स्टील बाहेर काढून ठेवून फूटपट्टी तिच्या पायाशी बसली, पावलांवर हात ठेवून. मशीन कल्ला करत राहिलं आणि अक्का अजिबात हलली नाही. पडद्यावर फोटो उमटत होते, ते मिस्त्रींना कळत नव्हते. त्यांना फक्त बहिणीचे तळवे दिसत होते आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात. आपण तिथे असायला हवं होतं असं त्यांना वाटलं, आणि आपण तिथे नाही म्हणूनच हे जमतंय हेही आठवलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून फोटो दाखवला. डाव्या कानाच्या नसेवर एक गाठ होती. कॅन्सरची नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी, आता मोठी होऊन आजूबाजूला दाबत असलेली. तोल जायचा तो तिच्यामुळे, चावताना दुखायचं ते तिच्यामुळे. काढता येईल, त्या म्हणाल्या, मोठ्या इस्पितळातले सर्जन चांगले आहेत, कारण कळल्यावर आता ते छाती सांभाळून भूल देतील, आणि दुखणं थांबावं अशी आशा आहे. कान मात्र परत येणार नाही.

"कुठला कान?" मिस्त्रींनी विचारलं.

"डावा. त्या कानाने त्यांना कधीपासूनच ऐकू येत नसणार. निदान दहा वर्षं तरी. त्याहून जास्तही असेल, ते आता सांगता येणार नाही."

मिस्त्री फोटोकडे बघत राहिले. कारखान्यात खिडकी अक्काच्या उजव्या हाताला होती, घासायला उजेड लागतो म्हणून. त्यांचा स्वतःचा कामाचा बाक तिच्या डावीकडे. रंध्याच्या आवाजात, त्या मेलेल्या कानाशी, ते इतकी वर्षं बोलत आले होते.

फूटपट्टी कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि त्यांच्याकडे न बघता, फोटोकडे बघत म्हणाली, "मी चुकले होते. तुम्ही बोगद्याच्या डाव्या बाजूला बसायचात. तुम्ही बोललात की त्या मान डावीकडे वळवायच्या, दर वेळी. चांगला कान तुमच्याकडे यावा म्हणून. त्यांना नको नव्हतं. त्या ऐकायचं बघत होत्या."

बायकोने मिस्त्रींचा हात धरला. मिस्त्रींना तिथे, सगळ्यांसमोर, रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ऑपरेशन होऊन गाठ काढली गेली. अक्का बरेच दिवस इस्पितळात होती. फूटपट्टी रोज येऊन खाटेशी बसायची आणि मिस्त्री दुसऱ्या बाजूला. दोघं आता एकमेकांशी बोलायचे, म्हणजे मिस्त्री विचारायचे आणि ती उत्तर द्यायची, एका प्रश्नाला एकच. खोट्या मशीनमध्ये न बोलणारी मुलं सराव करून खऱ्यात जायला लागल्याचं तिनेच सांगितलं. सगळी नाही, पण बरीचशी. मशीन आता पुरेसं वाईट आहे, असं तिने प्रशस्तिपत्रक दिलं, आणि मिस्त्रींनी ते मानाने घेतलं.

अक्का घरी यायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी बायकोला हाताशी धरून आपला जड बाक ओढत ओढत खिडकीकडे आणला. कंबर धरली, बायकोची बोलणी खाल्ली, पण बाक बरोबर अक्काच्या उजव्या हाताला येईल असा लावला. आता अक्काच्या जागेवर थोडी सावली पडत होती. दिवा लावून देऊ, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्का भिंत धरून कारखान्यात आली. दारात थांबली. तिने बाकाकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग हळूहळू जाऊन तिने बाकाला खांदा लावला आणि ढकलायला लागली. टाके नुकते निघालेले, अंगात ताकद नाही, बाक तसूभर हलेना, पण ती ढकलत राहिली. मिस्त्री म्हणाले, "अगं अक्का, राहू दे, तुझ्याचसाठी." ती थांबली नाही. शेवटी ते स्वतः दुसऱ्या टोकाला लागले, बायकोही आली, आणि तिघांनी मिळून बाक जिथे वडिलांच्या वेळेपासून होता तिथे परत नेला. अक्काला बदल खपत नाही हे मिस्त्रींना ठाऊक होतं. आशा धरली ही आपलीच चूक, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि रंधा उचलला.

अक्का आपल्या बुटक्या स्टुलावर बसली. पॉलिशपेपर घेतला. मग तो खाली ठेवून ती पुन्हा उठली. तिने स्टूल उचललं, होतं त्याच जागी उलट्या दिशेला फिरवून ठेवलं आणि त्यावर बसली. जन्मभर ती समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसत आली होती, ती आता दाराकडे तोंड करून बसली होती. खिडकी तिच्या डावीकडे आली होती आणि भाऊ उजवीकडे.

बायको घरात निघून गेली. मिस्त्रींच्या हातात रंधा तसाच होता. सांगण्यासारखं पुष्कळ साठलं होतं, दहा वर्षांचं, त्याहून जास्तही असेल. अक्का घासत होती. पॉलिशपेपरचा खरखर आवाज खोलीत चालू होता.

"लाकूड ओलं लागतंय गं आज," ते शेवटी म्हणाले.

अक्काचा हात थांबला. त्यांचं बोलून संपेपर्यंत तो लाकडावर नुसता ठेवलेला राहिला आणि मग परत चालायला लागला. मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि पुढचं सांगायला घेतलं. हात पुन्हा थांबला.